नवं यंत्र आलं आणि आपल्या माणसांनी त्याचं काय केलं? (अनुभव लिहा)

पेन्शनीतला कारकून:
भाचीच्या ऑफिसात परवा 'एआय'चं ट्रेनिंग झालं. साहेब म्हणाले, आता कामाची पद्धतच पालटणार. ट्रेनिंग संपल्यावर मंडळींनी त्याला पहिलं काम दिलं ते 'आजारपणाच्या रजेचा अर्ज लिही, खरा वाटला पाहिजे' हे. दुसरं, साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मला आमची शाखा आठवली. बँकांत संगणक आणा म्हणणाऱ्या १९८४ च्या रंगराजन समितीनंतर शाखांत यंत्रं यायला लागली, युनियनचा विरोध, घोषणा वगैरे झालं, आणि मग आमच्याकडेही लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीत नोंदी करायचं, मशीन आलं. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, चपला बाहेर काढून आत जायचं. मशीनसाठी एसी बसवला. मॅनेजरच्या केबिनलाही नव्हता तोवर! मे महिन्यात सगळ्या स्टाफला यंत्राबद्दल एकदम जिज्ञासा. आणि आमचे एक जुने लेजरकीपर मशीनची बेरीज रोज हाताने करून ताडून बघायचे. गिऱ्हाईकं मशीनचा आकडा ऐकायची आणि मग त्यांच्याकडे बघायची. त्यांनी मान डोलावली की व्यवहार पक्का. एका कामाच्या जागी दोन कामं झाली, म्हणजे कामगार कपातीची भीती निदान आमच्या टेबलापुरती खोटी ठरली.

तुमच्याकडचं लिहा.

तिखटमीठ:
मिस्ड कॉल!! दुसरं कोणी लिहायच्या आत मी. २००३ पर्यंत मोबाइलवर आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, ते बंद झाले आणि देशभर रिंगची भाषा सुरू. आमच्या घरी एक रिंग म्हणजे निघाले, दोन म्हणजे पोचले, तीन म्हणजे दूध घेऊन ये. सगळी योजना बाबांमुळे फसायची. पहिल्याच रिंगला उचलायचे. 'फोन वाजल्यावर उचलायचा नाही तर काय त्याच्याकडे बघत बसायचं?'

अनघा_ठाणे:
😂😂 बाबा बरोबर आहेत.
काका, गुडघा कसा आहे आता?

पेन्शनीतला कारकून:
बरा आहे. जिना नको म्हणतो.

बांधावरून:
आमच्याकडं ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ ला आली. शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या पिकाचा फोटो काढणार, ॲपवर टाकणार, सातबाऱ्यावर नोंद लागणार, तलाठ्याकडं खेपा बंद. झालं असं की म्हाताऱ्यांना ॲप जमेना अन् शिवारात रेंज नाही. मग भावकीतला एक पोरगा सगळ्यांच्या शेतांत फिरतो. एका मोबाइलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद चालते. फोटो काढायचे, टेकाडावर जाऊन पाठवायचे, चहा अन् वर थोडे पैसे. थोडक्यात गावानं आपला एक तलाठी तयार केला, बिनपगारी.
पण खरं सांगू का, आधी कितीतरी ठिकाणी तलाठी पारावर बसून मागच्या सालचंच पीक लिहीत होते. पोरगा निदान शेतात तरी जातो. म्हणून मी ॲपला नावं ठेवत नाही. पुढचं नंतर, लाईट आली, मोटर चालू करायचीय.

माहेर मुरबाड:
धसई आठवतं का कुणाला? २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून टीव्हीवर झळकलं होतं. वडापावसुद्धा कार्ड घासून. आता गावोगाव क्यूआर दिसतात, पण ते त्या गाजावाजामुळे नाही. माझ्या भाजीवालीचे हात ओले, समोर चार गिऱ्हाईकं, ती मोबाइल कधी बघणार? जुना स्क्रीनशॉट दाखवून जाणारे पण भेटले तिला. तो बोलणारा डबा आला, मोठ्याने 'रुपये प्राप्त झाले' म्हणाला, तेव्हा बाईचा जीव भांड्यात पडला. तंत्रज्ञान तेच, फक्त गल्लीला ऐकू गेलं पाहिजे.

आकडेमोड:
+१. आणि रोकड कमी झाली असं कुणी समजू नये. नोटबंदीच्या वेळी सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, २०२२ मध्ये ३० लाख कोटींच्या वर गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात यूपीआयच्या व्यवहारांची संख्या (रक्कम नव्हे) महिन्याला ७०० कोटींच्या पुढे. दोन्ही एकदम. चहाला यूपीआय आणि अडीअडचणीला कपाटात नोटा, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

तिखटमीठ:
कपाटात कुठे, आमच्या आईच्या तांदळाच्या डब्यात.

अनघा_ठाणे:
डबा कुठला ते जाहीर धाग्यावर सांगू नकोस गं बाई.

खुर्चीला_कोट:
आमच्या सरकारी ऑफिसात अंगठ्याचं मशीन. वक्तशीरपणा वाढला, दहाच्या ठोक्याला सगळे हजर. अंगठा लावतात आणि मिसळ खायला जातात. पूर्वी उशिरा यायचे पण खाऊन यायचे.

एडिसनची काकू:
इथे न्यू जर्सीत आपल्या लोकांकडे डिशवॉशर उघडून बघा. वाळत घातलेली भांडी. ओव्हनमध्ये कढया आणि तवे. सासूबाई आल्या की आधी भांडी लख्ख घासतात, मग मशीनमध्ये लावतात. म्हटलं ते मशीनच धुतं. म्हणाल्या, 'खरकटी भांडी रात्रभर बंद कपाटात ठेवायची?' मला उत्तर देता आलं नाही. बाय द वे, पोळ्यांचं मशीन कुणी वापरतंय का? फार महाग आहे, नवरा मागे लागलाय.

माहेर मुरबाड:
जावेकडे आहे. पोळी होते, पण कणीक आपलीच आणि नंतर धुणं त्याहून किचकट. आता त्यावर कापड घालून गणपती बसवतात.

अनघा_ठाणे:
घेऊ नकोस. पोळ्या करून देणाऱ्या बाई आहेत तुमच्याकडे एडिसनला, माझी बहीण घेते. फ्रोजन नाही, ताज्या.

एडिसनची काकू:
नंबर दे!! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.