साठवणीच्या चाळीतला कांदा म्हणजे जुगारच का?

चाळवाला, निफाड तालुका:
धाकट्या चुलतभावाला मटक्यावरून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुझा दोनशे क्विंटल कांदा काय एफडीत आहे?" तेव्हापासून डोकं फिरलंय. २०२३ ला ऑगस्टात चाळी भरलेल्या असतानाच ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात लाल कांदा निघाला तर थेट बंदी. आता खालच्या थराला पाणी सुटलंय, वास घरापर्यंत येतो. फरक काय राहिला?

जुनं गिऱ्हाईक:
अकरा वर्षं आकडा लावलाय, म्हणून बोलतो. दहा आकडे, लागला तर रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा, दहा देऊन नऊ घरी. रोज! नशिबाचा प्रश्नच नाही, गणितच तसं बसवलंय. कांद्यात निदान माल तरी तुमचा असतो. माझ्याकडे फक्त चिठ्ठी असायची, पाकिटात चार घड्या घालून. बायकोला सापडली ती लाईटबिलात.

येवल्याची ताई:
भाऊ, भाव बघत बसण्यापेक्षा आधी चाळ फोडा, माल बाहेर काढा. आम्ही तीन टप्प्यांत विकतो. एकदा चांगला सापडतो, एकदा मार खातो. सगळा एकाच दिवसावर ठेवलात तर चुलतभाऊ बरोबर (त्याला सांगू नका).

चाळवाला:
दोन बाया लावल्यात निवडायला. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी काढतोय. उद्या एक ट्रॅक्टर लासलगावला. चुलतभाऊच चालवणार आहे, डिझेल माझं.