बुद्धिबळाच्या चाली लिहिल्याने पट डोळ्यांसमोर येतो की नुसती अक्षरं पाठ होतात?

म्हापशेकर:
काल एका पालकाने इथे लिहिलं, "चाली लिहायला लावणं म्हणजे मुलांचा वेळ फुकट. मोबाइलवर रोज पन्नास कोडी सोडवली की पट आपोआप दिसतो." मला हे अजिबात पटलेलं नाही. कोड्यात पट समोर मांडलेलाच असतो. मी पट झाकून चाली वाचतो (अक्षर म्हणजे उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ डी६. मग विचारतो, सी६चा घोडा हलेल का? सुरुवातीला पोरं हवेत बोटं फिरवतात. महिन्याभराने उत्तर येतं, "नाही सर, डी७ रिकामं झालं, मागे राजा आहे. घोडा हलला तर उंटाचा शह."

फोंडेकर:
ती पोस्ट माझीच. माझी मुलगी दहा-दहा चाली पाढ्यांसारख्या घडाघडा म्हणते. परवा स्पर्धेत वजीर फुकट घालवून आली. रडत होती. अक्षरं पाठ आणि पट कोरा, हे मी घरात बघतोय.

म्हापशेकर:
पाढ्यासारखं म्हणून घेतलंत तर तसंच होणार. घराचा रंग कधी विचारलात?

सांखळीची आई:
आमच्याकडे क्लासच नाही. शनिवारी कदंबाच्या बसने पणजीला जायचं, तासाभराहून जास्त. बसमध्ये पट कुठे मांडणार? लेक वहीतून स्वतःचाच हरलेला डाव वाचतो नि डोळे मिटून खेळतो. आधी चौथ्या चालीला अडायचा, आता बाराव्यापर्यंत जातो. तालुक्यात एक वर्ग सुरू करा, मग भांडा.

डिचोलीकर:
मुलं अडतात ती इंग्रजी अक्षरांवर. घोड्याला (नाइट) 'एन' का, तर 'के' राजाने (किंग) घेतलं म्हणून! मराठी शाळेतल्या पोराने हे का सोसायचं? फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, नियम आपल्या भाषेतलं आद्याक्षर चालवून घेतात. जर्मन लोक घोड्याला 'एस' लिहितात. आपण 'घो', 'उं', 'ह' लिहू.

पेडणेकर:
आपली भाषा म्हणजे कोणती? गोव्यात हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही.

डिचोलीकर:
मराठीत घोडा, कोंकणीत घोडो. अक्षर 'घो'च. इथेही वाद उकरून काढायचाच आहे का?

पेडणेकर:
उकरत नाही. तुम्ही 'आपली' म्हणून मोकळे होता, त्याचा राग येतो. शिवाय बुद्धिबळाचा २०२५चा विश्वचषक गोव्यातच झाला. माझ्या मुलाने सगळे डाव इंग्रजी अक्षरांतच वाचले, कुठे अडला नाही. 'घो' शिकलेल्या मुलाला ते परत शिकावं लागेल.

डिचोलीकर:
तुमचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. माझा नाही.

पेडणेकर:
बरं. पहिल्या वर्षापुरतं 'घो' मान्य. त्यापुढे नाही.

फोंडेकर:
सर, रंगाचं काय ते सांगा. कोडी मात्र बंद करणार नाही.

म्हापशेकर:
बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. एफ६ घ्या. एफ सहावा स्तंभ, ओळ सहावी, बेरीज बारा. सम आली की घर काळं, विषम आली की पांढरं. घोडा प्रत्येक उडीला रंग बदलतो, तेव्हा एफ६वरून तो पांढऱ्या घरांवरच जाणार. पट न दाखवता तिला ती घरं विचारा.

फोंडेकर:
आत्ताच विचारलं. आठांपैकी सात सांगितली, सगळी पांढरी. एच७ राहिलं.