पाड्यांच्या वाहतुकीचा आराखडा ग्रामसभेने कसा मांडावा?

डोळखांब परिसर (प्रश्न)

मी ठाण्यात राहतो आणि शहापूर तालुक्याच्या पूर्वेकडील एका ग्रामपंचायतीला तिच्या विकास आराखड्याच्या कामात मदत करतो. मूळ गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. त्यापुढे ठाकूर आणि कातकरी समाजाचे पाडे विखुरलेले असून त्यांच्याकडे जाणारी वाट दोन ओढे ओलांडते आणि बराचसा भाग वनखात्याच्या जमिनीतून जातो. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली दरवर्षी आराखडा होतो आणि त्यात दरवर्षी ‘गाव ते पाडा रस्ता करणे’ ही एकच ओळ लिहिली जाते.

या वेळी आम्ही पाड्यांवर बसून सविस्तर बोललो, तेव्हा लोकांच्या तोंडी रस्त्यापेक्षा प्रवास अधिक होता. बारावीच्या मुलींना सकाळी सातच्या तासाला शहापुरात पोहोचायचे असते. रानभाजी विकणाऱ्या बायकांना पाट्यांसह पहाटेची लोकल धरायची असते. गरोदर बाईला तपासणीसाठी आरोग्य केंद्रात जाऊन त्याच दिवशी परत यायचे असते. आसनगावहून ठाण्याला लोकलने तासाभराच्या आसपास पोहोचता येते, पण पाड्यावरून आसनगाव गाठायला पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि जून २०२५ पासून तो आमण्यापर्यंत पूर्ण खुलाही झाला, हे पाड्यावरची मंडळी रोज पाहतात.

हे सगळे आराखड्यात कोणत्या शब्दांत आणि कोणत्या शीर्षाखाली लिहावे, म्हणजे ते जिल्हा नियोजन समितीपर्यंत टिकेल? रस्ते योजनांच्या लोकसंख्येच्या अटीत लहान पाडे बसत नाहीत, त्याचे काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शाखा अभियंता, नौपाडा

आपण लोकांचे ऐकून सुरुवात केलीत, हे फार चांगले झाले. तरीही आधी कागदाकडे वळतो, कारण तिथे अडलेला रस्ता पुढे वर्षानुवर्षे अडून राहतो.

पहिली चौकशी अशी करा की ही वाट जिल्ह्याच्या रस्ते विकास योजनेत आहे का. २००१ ते २०२१ च्या योजनेत जिला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळालेला नाही, ती वाट लोक पिढ्यान्‌पिढ्या तुडवत असले तरी अंदाजपत्रकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात ‘रस्ता करणे’ एवढेच न लिहिता, रस्त्याचे आरंभ व अंत ठिकाण, अंदाजे लांबी, ओढ्यांच्या जागा आणि जमिनीची मालकी नमूद करून तो योजनेत समाविष्ट करण्याची आणि त्याला क्रमांक देण्याची मागणी करा. ही मागणी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे स्वतंत्रपणे जायला हवी.

वनजमिनीचा प्रश्न दिसतो तितका अवघड नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन वळवता येते. एका प्रकरणात जमीन एक हेक्टरहून कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या अटी आहेत. सहा मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात साधारण सोळाशे मीटर रस्ता बसतो, म्हणजे अनेक पाड्यांचा वनजमिनीतला तुकडा या मर्यादेत येतो. मात्र वाट तानसा अभयारण्याच्या हद्दीतून जात असेल, तर वन्यजीव कायद्याखालची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आता लोकसंख्या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिची सर्वसाधारण अट ५०० लोकवस्तीची असली, तरी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील (आदिवासीबहुल) क्षेत्रात ती २५० आहे, आणि संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. या योजनेचे एकक महसुली गाव नसून वस्ती आहे. ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, आणि डोंगराळ भागात हे अंतर पायवाटेने दीड किलोमीटरपर्यंत मोजतात. त्यामुळे एकेकटे न बसणारे पाडे जोडीने बसू शकतात, पण ती जोडी नकाशावर तुम्हालाच दाखवून द्यावी लागेल. कातकऱ्यांचा समावेश महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत असल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात त्यांच्या वस्त्यांसाठी १०० लोकवस्तीची अट ठेवली गेली. आपला पाडा त्या सर्वेक्षणात नोंदला गेला होता का, हे तपासा. राज्याची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजनाही पाड्यांसाठीच आहे.

एक विनंती आहे. ओढ्यावरचा साकव किंवा मोरी हे काम रस्त्यापासून वेगळे मागा. सगळा रस्ता मंजूर व्हायला वेळ लागेल, पण पावसाळ्यात जीव टांगणीला लागतो तो ओढ्यापाशी.

खोपट स्थानक

मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काम केले आहे. अभियंता साहेबांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, फक्त क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. रस्ता पूर्ण होईपर्यंत गाडीची मागणी थांबवू नका. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथपर्यंतची फेरी आजच मागता येते आणि पाड्यावरची माणसे तिथपर्यंत चालत येतच आहेत.

आगारात फेरीचा विचार भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर होतो. एका दिशेला भरलेली आणि परतताना रिकामी गाडी कागदावर तोट्याची दिसते. म्हणून ‘आमच्या गावी बस सुरू करावी’ असे मोघम निवेदन देऊ नका. सकाळी किती विद्यार्थी जातात, ते कोणत्या शाळा-महाविद्यालयांत जातात, आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्या वेळेला गर्दी असते, आणि वाटेतल्या कोणत्या गावांचे प्रवासी त्याच गाडीत चढतील, हे आकड्यांसह द्या. विद्यार्थ्यांच्या सकाळच्या तासासाठी खरा उपाय मुक्कामी गाडीचाच आहे, कारण आगारातून पहाटे निघालेली गाडी तुमच्या टोकाला पोहोचून परत फिरेपर्यंत सातचा तास निघून जातो. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना रात्री झोपायला सुरक्षित जागा, पाणी आणि शौचालय लागते. ही सोय ग्रामपंचायतीने लेखी कबूल केली तर प्रस्तावाला बळ येते. नवीन मार्गाचे सर्वेक्षण करताना गाडी वळवायला पुरेशी मोकळी जागा आहे का, हेही पाहतात. ती जागा आत्ताच राखून ठेवा.

बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. या सवलतींची रक्कम शासन महामंडळाला देते, म्हणजे आपल्या पाड्यातल्या मुलीसाठी केलेली तरतूद गाडी तिच्यापर्यंत न पोहोचल्यामुळे वापरलीच जात नाही. हा मुद्दा ठरावात अवश्य लिहा. मधल्या काळात लोक वडापच्या जीपने जातात, त्यांचे दर आणि वेळाही नोंदवून ठेवा, कारण प्रवासी खरोखर आहेत याचा तो सर्वांत ठोस पुरावा असतो.

ऐरोली, नगररचना

मी नगररचनेची विद्यार्थिनी आहे. दोन्ही काकांच्या लेखनातून पुष्कळ शिकायला मिळाले. मला सर्वेक्षणाच्या वेळेबद्दल लिहायचे आहे.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०११ च्या जनगणनेची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे नेमकी पाडे रिकामे असतानाच. ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात, ज्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, २०११ चेच आकडे धरले आहेत. येणाऱ्या जनगणनेची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. त्यामुळे ज्यांना रस्त्याची सर्वाधिक गरज आहे तेच लोक पाड्याच्या लोकसंख्येत कमी भरतात. ग्रामसभेने श्रावण-भाद्रपदात घरोघरी जाऊन स्वतःची यादी करावी, तिला ठरावाची जोड द्यावी आणि पात्रतेबाबत हरकत घेताना ती पुढे ठेवावी.

दुसरे असे की ग्रामीण व आदिवासी भागातल्या वाहतुकीचे नियोजन म्हणजे रस्ते आणि गाड्या दोन्हींचे नियोजन, हे इतरत्र मान्य झालेले आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ग्रामीण भागातील सार्वजनिक वाहतूक चालवण्यासाठी केंद्रीय अनुदान सुरू झाले आणि २००५ च्या कायद्याने आदिवासी जमातींच्या शासनांना आपल्या वाहतूक सेवेसाठी थेट निधी मिळू लागला. तिथल्या अनेक ग्रामीण भागांत ठरावीक वेळापत्रकाऐवजी आधी फोन करून गाडी बोलावण्याची पद्धत आहे आणि दवाखाना, वृद्धांचे प्रवास, बाजार ही सर्व कामे त्याच गाडीवर केली जातात. तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, पण खर्च गाडी चालवण्यासाठीही लागतो ही समज मला मोलाची वाटते.

आपल्याकडे थेट निधीचे एक रूप आहेच. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी मिळतो आणि त्याच्या विनियोगाचा निर्णय ग्रामसभेचा असतो. थांब्यावर निवारा, सौरदिवा, ओढ्याच्या उताराला पायऱ्या अशी लहान कामे त्यातून घेता येतील. दवाखान्याच्या प्रवासासाठी १०२ आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका नेमक्या कोणत्या ठिकाणापर्यंत येऊ शकतात, ते ठिकाण आरोग्य केंद्राबरोबर बसून निश्चित करून आराखड्याच्या नकाशावर दाखवा. पावसाळ्यात बाळंतपण असलेल्या बाईला आधीच ‘माहेरघर’मध्ये, म्हणजे आरोग्य केंद्राजवळच्या मुक्कामाच्या सोयीत, हलवण्याची तारीख आशाताईंच्या नोंदवहीत लिहिलेली असावी. रस्ता होईपर्यंत या बाईला दुसरा मार्ग नाही.

डोळखांब परिसर

तिघांचेही मनापासून आभार. आराखड्यात आता रस्त्याचा क्रमांक, वनहक्काची शिफारस, दोन साकव आणि मुक्कामी गाडी अशा वेगवेगळ्या नोंदी करू, आणि घरोघरीची यादी कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी पूर्ण करू. खोपट स्थानक काका, एकच शंका आहे. आमची गाडी येण्यापूर्वी आणखी दोन ग्रामपंचायतींमधून जाईल. त्यांचे ठराव वेगळे घ्यावेत की एकत्र?

खोपट स्थानक

ठराव तिन्ही ग्रामसभांचे वेगवेगळे घ्या, पण वेळ आणि मार्ग तिन्हींत अगदी एकसारखा असू द्या. मग ते एकाच निवेदनाला जोडून आगार व्यवस्थापकांकडे द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा. एका गावाने साडेपाच आणि दुसऱ्याने साडेसहा मागितले, तर प्रस्ताव तिथेच मागे पडतो. म्हणून आधी तिन्ही गावच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून वेळ ठरवा.