मदत हवी आहे: डिजीकॅममधले टॅग फोटोच्या फायलीत उतरवताना
म्हापशात घरच्या विंडोज संगणकावर डिजीकॅम (फोटो सांभाळायचे सॉफ्टवेअर) आहे. २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर साधारण ६२ हजार फोटो. डिजीकॅमचा डेटाबेस एसक्यूलाइट प्रकारचा, तो संगणकातल्याच एसएसडीवर ठेवलाय. टॅग सगळे देवनागरीत, एकात एक: उत्सव, चवथ, माटोळी. आता हेच फोटो फोंड्याच्या भावाच्या लिनक्सवर उघडायचे आहेत. टॅग सध्या फक्त डेटाबेसमध्ये आहेत, म्हणजे डिस्क तिकडे जाईल, टॅग इथेच राहतील.

मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) सेटिंगमध्ये टॅग लिहिण्याचा पर्याय चालू करून २०० फोटोंच्या प्रतींवर प्रयोग केला. ही माहिती एक्सएमपी आणि आयपीटीसी अशा दोन पद्धतींनी लिहिता येते. एक्सएमपीत सगळे नीट उतरले. आयपीटीसीत मात्र एका कीवर्डला (म्हणजे टॅगला) ६४ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. २१ चिन्हांतच खेळ संपतो! लांब टॅग तुटतात.

तर विचारायचे ते असे. आयपीटीसी पूर्ण बंद केले तर कुठला फोटो-दर्शक टॅग दाखवणार नाही? जेपेगमध्येच लिहावे की शेजारी एक्सएमपी साइडकार (टॅगची वेगळी फाइल) ठेवावी? साइडकारने मूळ फाइलीला हात लागत नाही, पण दुसऱ्या कुणी नुसता फोटो हलवला की जोडी फुटते.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या ४ हजार फोटोंत एक्झिफ तारीखच (कॅमेऱ्याने फाइलीत नोंदलेली) नाही. फाइलीच्या नावातली तारीख एक्झिफटूल या प्रोग्रामने भरता येते, पण नावात तारखेपुढे येणाऱ्या ‘डब्ल्यूए’नंतरचा (WA) अनुक्रमांक वेळ म्हणून घुसू नये यासाठी कुणी काय केले?