मदत हवी आहे: पिकअपला मोठे टायर बसवले, घासताहेत (तातडीचे)

चिखलप्रेमी:
पिकअपला मोठे टायर आणि नवीन अलॉय रिम बसवून चार दिवस झाले. वळताना घासतात. बसवणारा म्हणतो लिफ्ट किट (गाडी उंच करणारं) टाका, मित्र म्हणतो प्लास्टिक काप. शनिवारी लांब निघायचंय, माणसं ठरलीत, सामान ठरलंय. एवढंच सांगा, लिफ्ट दोन इंच टाकू की तीन? 'मोठे टायर घ्यायलाच नको होते' हे कृपया कुणी सांगू नका, घेऊन झालेत.

नटबोल्ट:
साइज काय? आधीची काय होती? रिमची रुंदी, ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून बसण्याची जागा किती मिमीवर)? पुढे घासतात की मागे, बंपरला की आत? नुसतं 'दुखतंय' म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार.

भटक्या४बाय४:
दोन इंच लिफ्ट टाका आणि मोकळे व्हा. मी टाकली, दोन वर्षं झाली, एकदाही आवाज नाही.

मंदवारा:
नायट्रोजन भरून घ्या. हवा लवकर उतरत नाही. मी साध्या हवेवर परत जाणार नाही.

चिखलप्रेमी:
@मंदवारा, हवा उतरत नाहीये हो, टायर घासतोय.
@नटबोल्ट, साइज ३३. रिम १७. पुढचेच घासतात.

नटबोल्ट:
३३ हे टोपणनाव झालं. टायरच्या बाजूवर तीन आकडे असतात ते द्या. आणि रिमच्या आतल्या अंगाला जे (रुंदी, इंचात) आणि ईटी (ऑफसेट, मिमीत) लिहिलेलं असतं, तेही. जुन्या रिमचंसुद्धा.

चिखलप्रेमी:
टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा पडून बघितलं. टायर २८५/७० आर १७, जुने २६५/६५ आर १७. नवीन रिम ९ जे, ईटी ०. जुनी ७.५ जे, ईटी ३०. आता तरी सांगाल का, दोन की तीन?

गणितवाली:
जुन्या टायरचा व्यास ७७६ मिमी, नव्याचा ८३१. म्हणजे ५५ मिमीने मोठा, पण गाडी उंच झाली त्याच्या निम्मीच, २७ मिमी. खरी गोम रिममध्ये आहे. ऑफसेट ३० वरून ० झाला म्हणजे चाक ३० मिमी बाहेर आलं. रुंदी दीड इंचाने वाढली, त्यातले १९ मिमी बाहेरच्या बाजूला. एकूण ४९. स्टेअरिंग फिरवलं की चाक ज्या बिंदूभोवती वळतं, त्यापासून चाकाची कड जेवढी लांब, तेवढी ती मोठ्या गोलात फिरते आणि बंपरच्या कोपऱ्यात किंवा मागे लायनरमध्ये (चाकाभोवतीच्या प्लास्टिकच्या अस्तरात) शिरते. उलट आतल्या बाजूला ११ मिमी जागा वाढली आहे, तिची तुम्हाला गरजच नव्हती.
रच्याकने (बाय द वे), स्पीडोमीटर आता सात टक्के कमी दाखवणार. काटा १०० वर असेल तेव्हा तुम्ही १०७ ला असाल.

भटक्या४बाय४:
कागदावरचं गणित वेगळं, रस्ता वेगळा. लिफ्टने जागा होतेच.

नटबोल्ट:
उभी जागा होते, भटक्या. स्टेअरिंग फुल कट मारल्यावर चाक पुढेमागे जातं, तिथे लिफ्ट काय करणार? शिवाय खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक वर कुठपर्यंत जाणार ते बंप स्टॉप, म्हणजे रबरी अडसर, ठरवतो. तो तिथेच असेल तर लिफ्ट असून चाक पूर्वीइतकंच वर जाणार. तुमच्या गाडीला घासत नाही कारण तुमचे रिम जुने असणार. आहेत ना?

भटक्या४बाय४:
आहेत. पण मुद्दा तो नाही.

नटबोल्ट:
मुद्दा तोच आहे.

साधाप्रवासी:
मायलेज किती पडतं हो मोठ्या टायरवर? मीही विचार करतोय.

मंदवारा:
नायट्रोजनने मायलेजही वाढतं.

गणितवाली:
@मंदवारा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मायलेज राहतं ते प्रेशर वेळच्या वेळी तपासल्याने. @साधाप्रवासी, वजनदार टायर, मोठा व्यास, म्हणजे वेग घेण्याची ताकद आणि मायलेज दोन्ही घटणार, ब्रेकवरही ताण. वेगळा धागा काढा.

चिखलप्रेमी:
इकडे माझा शनिवार जातोय आणि तुमचं हवेवर चाललंय. फुल कट मारून रिव्हर्स घेताना सगळ्यात जास्त घासतं, चाकाच्या मागच्या बाजूला. स्पेसर (चाकामागे बसवायच्या चकत्या) अजून मोठे टाकले तर?

नटबोल्ट:
'अजून मोठे' म्हणजे? आहेत का आधीच??

चिखलप्रेमी:
हो, २५ मिमीचे. बसवणाऱ्याने टाकले, चाक बाहेर आलं की गाडी भारदस्त दिसते म्हणाला. ते सांगायचं राहिलं.

गणितवाली:
४९ अधिक २५. चाकाची कड मूळ जागेपासून ७४ मिमी बाहेर. हे राहिलं सांगायचं!

नटबोल्ट:
आधी स्पेसर काढा. मग जुने रिम आहेत का बघा. २८५/७० आर १७ साडेसात इंची रिमवर चालतो, थोडा अरुंदच बसतो. आत सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागत नाही ना, तेवढं पाहा. जुन्या रिमला जुनेच नट वापरा, नटाची बैठक काही रिमची तिरकी असते, काहींची सपाट. शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळा. चाकं इतकी बाहेर ठेवली तर बेअरिंगवर भार वाढतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढतं, ते वेगळंच.

भटक्या४बाय४:
आणि लिफ्ट?

चिखलप्रेमी:
जुने रिम माळ्यावर होते. आज पुढची दोन्ही चाकं त्यावर चढवली, स्पेसर काढले. बंपरला अजिबात नाही, रिव्हर्सला लायनरच्या एका कोपऱ्याला हलकं टेकतं. हीट गनने तो कोपरा आत दाबतो. उद्या मागची चाकं. लिफ्ट रद्द. @नटबोल्ट, @गणितवाली आभार. आता नवीन अडचण, ३३ ची स्टेपनी गाडीखालच्या जागेत चढतच नाही. जुनी २६५ वालीच राहू दे का?

गणितवाली:
लहान स्टेपनी लावून टायरवाल्यापर्यंत हळू जा, तेवढंच. ती लागलेली असताना फोर व्हील घालू नका. पार्ट टाइम फोर व्हीलमध्ये पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधला जातो, व्यास वेगळे असले की ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो.

चिखलप्रेमी:
पण जायचंय तेच चिखलात.

भटक्या४बाय४:
मग मोठी स्टेपनी हौद्यात टाका.

चिखलप्रेमी:
हौद्यात सामान आहे.

भटक्या४बाय४:
किती माणसं म्हणालात?