मदत हवी आहे: खाडीतल्या जुव्यावर राहून वर्षभर ऑनलाइन काम – लाईट, नेट आणि पावसाळा

पैलतीर

नमस्कार. मालवण तालुक्यात खाडीतल्या एका जुव्यावर (छोट्या बेटावर) आमचं कौलारू घर आहे. येत्या एप्रिलपासून आम्ही दोघं नवरा-बायको तिथूनच पूर्णवेळ काम करणार आहोत, पावसाळा धरून. परिस्थिती अशी:

जुवा आणि अलीकडचा काठ यांच्यामध्ये साधारण ६०० मीटर पाणी. पलीकडे नेणारी होडी, म्हणजे ‘तर’, सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा, वारा वाढला की बंद. लाईट खाडीवरून खांबांच्या तारांनी येते. संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, मध्यरात्रीनंतर २५० च्या वर जातं. गेली तर कधी दहा मिनिटं, कधी दीड दिवस. मोबाईलला पडवीत एक काडी, माळ्याच्या खिडकीत दोन. फायबर काठावरच्या मावसभावाच्या घरापर्यंत आलेलं आहे, जुव्यावर नाही. विहीर आहे, पाणी मे महिन्यात मचूळ होतं.

काम: दोन लॅपटॉप, कंपनीचं व्हीपीएन, रोज तीन-चार तास व्हिडिओ कॉल, वेळ दुपारी एक ते रात्री दहा.

१. नेटसाठी काय करावं? फायबर खांबांवरून ओढून घ्यावं का?
२. इन्व्हर्टर आणि बॅटरी किती क्षमतेची?
३. दमट खाऱ्या हवेत उपकरणं टिकवायची कशी?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वायरमन_दादा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण लाईट नीट नसेल तर बाकीचं सगळं जळतं.

हिशेब मांडा. दोन लॅपटॉप सरासरी १०० वॉट, राउटर आणि नेटची बाकी उपकरणं २५, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ६०, दोन एलईडी २०. एकूण २०५ वॉट. नऊ तासांचे झाले साधारण १,८५० वॉट-तास. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १,८०० देते. पण ती ८० टक्क्यांपर्यंत उतरवली आणि इन्व्हर्टरमधली घट धरली की हातात ११५० च्या आसपास येतात, म्हणजे साडेपाच तास. रोज इतकी उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. तुमच्या कामाला २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी योग्य. ती २,०००च्या आसपास देईल, म्हणजे तुमची पूर्ण पाळी. शिवाय वजन पंचवीसेक किलो. ट्यूब्युलर ॲसिडसकट पंचावन्न-साठ किलोची, होडीतून उभीच न्यावी लागते, कलंडली तर ॲसिड सांडतं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आणि लिथियमसाठी चार्जिंगची सेटिंग असलेलाच घ्या.

आता तुमच्या १७० व्होल्टचा मुद्दा. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. यूपीएसवर ठेवला की १८० च्या खाली व्होल्टेज गेलं तरी तो 'लाईट गेली' असं समजतो. घरात लाईट असते आणि बॅटरी मात्र खर्च होत राहते. रात्री खरोखर लाईट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. लोक बॅटरीला दोष देतात, दोष खटक्याचा असतो. नॉर्मलवर ठेवा. लॅपटॉपचा ॲडॉप्टर १०० व्होल्टपासून चालतो आणि बदलाच्या क्षणी लॅपटॉपची स्वतःची बॅटरी आहेच. राउटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो, म्हणून त्याला १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस वेगळा द्या.

नॉर्मलचा तोटा असा की २९० व्होल्टपर्यंतची लाईट आत येऊ शकते. म्हणून मीटरनंतर लगेच ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, १६० आणि २६५ वर सेट करून. लाईट परत आल्यावर तीन मिनिटं थांबून जोडणारा घ्या, कारण पहिल्या मिनिटातले झटके वाईट असतात. झावळी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. त्या वेळी एमसीबी पडत नाही, फक्त हा प्रोटेक्टर वाचवतो. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईट तोडणारा खटका) हवाच. ओल्या भिंतींच्या घरात तो जीव वाचवतो.

अर्थिंगसाठी नेहमीचा कोळसा-मिठाचा तीन मीटर खड्डा करून घ्या, टेस्टरवर ५ ओहमच्या खाली आलं पाहिजे.

कातळसडा

वरचं बहुतेक पटलं, फक्त अर्थिंगबद्दल दुरुस्ती. कोळसा-मीठ ही जांभ्यावरची पद्धत. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडतो आणि अर्थिंग मिळत नाही, म्हणून ती करावी लागते. जुव्यावर दोन-तीन मीटरवर ओल लागते आणि ती ओलच निमखारी असते. तिथे मीठ घातलं तर जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप काही वर्षांत गंजून भुगा होतो. तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड ठोका, कमी पडलं तर तीन मीटर अंतरावर दुसरा ठोकून दोन्ही जोडा. मोजणी मे महिन्यात करा, तेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते. जुलैत मोजलेला आकडा फसवा असतो.

दुसरी चूक सर्रास दिसते: अँटेनाच्या खांबाचं अर्थिंग वेगळं आणि घराचं वेगळं. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो प्रवाह नेटच्या केबलमधून, राउटरमधून वाट काढतो. दोन्ही अर्थिंग जाड तांब्याच्या तारेने जमिनीलगत एकमेकांना जोडा. मुख्य बोर्डात टाइप टू सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा) बसवा, त्याची अर्थिंगची तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तरीही एप्रिल-मेचे वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस या दोन काळांत गडगडायला लागलं की प्लग आणि नेटची केबल दोन्ही उपटणं हाच खरा उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची पूर्वसूचना देतं, ते दोघांच्याही फोनवर असू द्या.

सोलरबद्दल कुणी सांगेलच, पण आकडा लक्षात ठेवा. एक किलोवॉटचं पॅनल उघडिपीत दिवसाला चार युनिट देतं, आषाढातल्या भरल्या आभाळात एक-दीड. तुम्हाला रोज दोन लागतात. दीड दिवस लाईट नसेल तर सोलर आधार देईल, एकट्याने भागवणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत अनेक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा वेळी काठापलीकडे राहायची दुसरी जागा आधीच ठरलेली असावी. बॅटरी कितीही मोठी घेतलीत तरी तिथे पुरणार नाही.

लहरी_लिंक

पहिला प्रश्न. फायबर खांबांवरून खाडी ओलांडून ओढू नका. फायबर स्वतः ६०० मीटर सहज जातं, पण लाईटच्या तारांवर पडणारी झावळी त्याच खांबावरचं फायबरही तोडते. म्हणजे लाईट आणि नेट एकाच वेळी गेलं. शिवाय खाडीवर तुटलेलं फायबर जोडायला पावसाळ्यात माणूस येत नाही. तुम्हाला वेगवेगळ्या कारणांनी बंद पडणारे दोन रस्ते हवेत.

पहिला रस्ता: मावसभावाच्या घरी *तुमच्या नावाने* फायबरची जोडणी आणि तिथून घरापर्यंत ५ गिगाहर्ट्झचा पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ, म्हणजे दोन टोकांना एकमेकांकडे तोंड केलेले दोन अँटेना, बिनतारी नेट नेणारे. हा पट्टा २०१८ पासून आपल्याकडे विनापरवाना खुला आहे. ६०० मीटरला १३ ते १६ डीबीआयचे (हे अँटेनाच्या ताकदीचं माप) पॅनल रेडिओ पुरतात, मोठी डिश घेतली तर वाऱ्याने हलते. सिग्नल उणे ५० ते उणे ६० डीबीएमच्या दरम्यान यावा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली की १०० एमबीपीएस आरामात मिळतं.

'समोरचं घर दिसतंय' एवढं पुरत नाही. नजरेच्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. ६०० मीटरला मध्यावर तिची त्रिज्या सुमारे २.८ मीटर, त्यातली निदान १.७ मीटर मोकळी हवी, आणि ती भरतीच्या पाण्यापासून मोजायची, ओहोटीच्या नाही. पाऊस या लहरींना जवळजवळ अडवत नाही, ओली झावळी मात्र जबरदस्त अडवते. उन्हाळ्यात उत्तम चाललेली लिंक जूनमध्ये ढेपाळली तर पावसाला नाही, मध्ये आलेल्या माडाला बघा. माड दरवर्षी वाढतो हेही धरा. भरतीच्या ठरावीक वेळीच लिंक बिघडत असेल तर पाण्यावरून परावर्तित होणारी लहर मूळ लहरीला मारते. एका टोकाचा रेडिओ अर्धा मीटर वर किंवा खाली सरकवून पाहा, बहुतेकदा सुटतं.

खांब: दीड इंची जीआय पाइप सहा मीटर, तीन बाजूंनी ताण, आणि बुडाशी बिजागरी. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखा इशारा आला की खांब दोघांनी मिळून आडवा करता आला पाहिजे. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४ ला खाऱ्या हवेत डाग आणि गंज येतो. केबल बाहेर वापरायची शिल्डेड कॅट-६, कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ, नाहीतर पाणी केबलवरून थेट राउटरमध्ये उतरतं.

आणि हे सगळे विसरतात: मावसभावाकडे लाईट गेली की तुमचं नेट गेलं, तुमच्या घरी कितीही मोठी बॅटरी असो. त्या टोकाला ओएनटी (फायबर जिथे जोडतात तो डबा) आणि रेडिओ मिळून २० वॉट लागतात. १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-तासांची छोटी लिथियम बॅटरी तिथे बारा तास सहज काढेल.

दुसरा रस्ता: मोबाईल. माळ्याच्या खिडकीत फोन ठेवून भागणार नाही. बाहेर खांबावर बसणारा ४जी राउटर घ्या. फोनमध्ये सिग्नलचा आकडा बघा: उणे ९५ डीबीएम चांगलं, उणे ११० म्हणजे कॉल तुटणार. आकडा बरा असूनही वेग नसेल तर गुणवत्तेचा, म्हणजे एसआयएनआरचा आकडा बघा, तो १० च्या वर हवा. दोन कंपन्यांची सिम घेताना दोघी एकाच टॉवरवर नाहीत ना, हे तपासा. तसं असेल तर टॉवरची बॅटरी संपली की दोन्ही एकदम जातात. दोघांचे कॉल मिळून दिवसाला आठ जीबीपर्यंत जातात, तेव्हा रोजच्या दोन जीबीवालं पॅक तासाभरात संपेल. मोबाईलवर काम करायची वेळ येईल त्या दिवशी कॅमेरे बंद ठेवा.

राउटर दोन वॅनचा, म्हणजे दोन्ही नेट जोडता येतील असा घ्या, एक गेलं की आपोआप दुसऱ्यावर बदलणारा. बदलताना व्हीपीएन तुटेल, ते पुन्हा जोडावं लागेल. मोबाईलवर व्हीपीएन जोडलं जातं पण पानं उघडत नाहीत, अशी तक्रार आली तर राउटरमधली एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा आकार) १३५० करा.

सुरंगी

तिसऱ्या प्रश्नावर. शत्रू दमटपणा एकटा नाही, मीठ आणि दमटपणा मिळून आहे. मिठाचा थर हवेतली ओल ओढतो आणि चालू विजेत पोर्टचे पितळी-तांब्याचे भाग हिरवे पडतात. चार्जर प्लगमध्ये चालू ठेवून टोक मोकळं सोडणं म्हणूनच वाईट. वापर नसताना भिंतीवरून बंद करा. रोज वापरातला लॅपटॉप टिकतो, कारण तो गरम असतो. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप पहिल्या पावसाळ्यातच जातो.

झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. ४५-५० टक्के राखा. नारिंगी जेल हिरवं पडलं की १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. जास्तीचे ॲडॉप्टर, हार्ड डिस्क, हेडफोन, पासपोर्ट सगळं त्यातच. पोर्ट महिन्यातून एकदा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डीह्युमिडिफायर २००-२५० वॉट खातो, तो लाईट असतानाच, कामाच्या एका खोलीत, दारं लावून. उघड्या माजघरात लावला तर अख्ख्या खाडीची हवा सुकवत बसेल.

इन्व्हर्टर आणि बोर्ड यांच्या भोकांवर बारीक स्टीलची जाळी लावा. पाल आत शिरून सर्किटवर चिकटते आणि कार्ड जळतं, मुंग्या स्विचच्या संपर्कात घर करतात. छपराला पत्रा जोडलेला असेल तर पावसाच्या आवाजात त्याखाली बसून कॉल होणार नाहीत. कौलाखालची खोली निवडा आणि तोंडाजवळ दांडीचा माइक असलेला हेडसेट घ्या.

पाण्याचं थोडक्यात: जुव्याखाली गोड पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. मोठ्या पंपाने एकदम उपसलं की खालचं खारं वर येतं. अर्धा एचपीचा पंप, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसाचं, गळती वजा जाता, सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं पाच हजार लिटर टाकीत धरलंत तरी पिण्या-स्वयंपाकाचा मे निघतो. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. मावसभावाशी बोललो, जोडणी आणि छोटी बॅटरी दोन्ही ठेवायला तयार आहे. शेवटचा प्रश्न: आगोटीच्या (पावसाळ्यासाठी आधी भरून ठेवायच्या) सामानाबरोबर, होडी बंद होण्याआधी कोणते सुटे भाग आणून ठेवावेत? आणि कामांचा क्रम काय लावू?

लहरी_लिंक

क्रम: आधी अर्थिंग आणि बोर्ड, मग इन्व्हर्टर, मग खांब. मे संपायच्या आत. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर ओल्या कौलांवर कुणाला चढवू नका. रेडिओ आधी दोन्ही एकाच खोलीत जोडून सेट करा, नंतरच वर चढवा.

सुटे भाग: एक जास्तीचा रेडिओ सेटिंग करून ठेवलेला, दोन पीओई (नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारे) ॲडॉप्टर, कॅट-६ चे कनेक्टर वीस आणि क्रिंपर, राउटरचा ॲडॉप्टर, सर्ज प्रोटेक्टरची कार्ट्रिज, रबर टेपचे दोन रोल. रेडिओपेक्षा त्याचा ॲडॉप्टरच जास्त वेळा जातो, म्हणून दोन.

वायरमन_दादा

त्यात आणखी एक व्होल्टेज प्रोटेक्टर आणि मल्टिमीटर घाला. कातळसडा यांची मिठाबद्दलची दुरुस्ती बरोबर आहे, जुव्यावर रॉडच ठोका.

तरवाल्याचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या आणि रात्री-अपरात्री आजारपण किंवा सर्पदंश झाला तर तो होडी काढेल ना, हे आधीच बोलून घ्या. फुरसं त्या बाजूला भरपूर. आणि खांबाच्या ताणाच्या तारांना पुरुषभर उंचीपर्यंत पिवळा पाइप चढवा, रात्री खळ्यात टॉर्च घेऊन चालतानाही ती तार दिसत नाही.