मदत हवी आहे: शेंगदाण्याची ॲलर्जी, दोन रक्ततपासण्या. आयजीईचं ऐकू की आयजीजीचं?

नमस्कार. लेक सव्वातीन वर्षांची आहे. गेल्या एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे चार घास खाल्ले आणि दहा मिनिटांत तिचे ओठ टचटचीत सुजले, मानेवर-पोटावर गांधी उठल्या, मग उलटी. सासूबाई पित्त उठलंय म्हणून आमसुलाचं पाणी लावायला लागल्या. तेवढ्यात खोकला सुरू झाला, तशी तिला उचलून दवाखान्यात पळालो. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं.

दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर तिने आधी दोनदा खाल्ली होती, काही झालं नव्हतं. डॉक्टरांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं: त्या वेळी, किंवा त्याच्याही आधी त्वचेतून, शरीराने दाण्यातली प्रथिनं शत्रू म्हणून नोंदवली. बी पेशींनी आयजीई प्रतिपिंडं बनवली, ती ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसली. रक्तातलं आयजीई दोन-तीन दिवसांत ओसरतं, पण मास्ट पेशीवरचं आठवडेच्या आठवडे टिकतं. पुन्हा दाणा आला की त्याचं प्रथिन शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र बांधतं आणि पेशी सूज-गांधी आणणारं हिस्टामिन ओतते.

आता अडचण. आयजीईच्या रिपोर्टमध्ये शेंगदाणा खूप वर आहे, अरा एच २ (दाण्यातलं एक प्रथिन) सुद्धा. हरभराही थोडा पॉझिटिव्ह, पण ती पुरणपोळी, बेसनाचे लाडू आवडीने खाते! त्यात एका नातेवाइकांच्या आग्रहाने आयजीजीचं (दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं) पॅनेल केलं: भात, गहू, दूध, केळं सगळं लाल. तीन दिवस दूध बंद आहे, पोर रडून मागते. काय करू? आणि आठ महिन्यांच्या धाकट्याला दाणे द्यायचेच नाहीत का?

प्रतिसाद

ताई, दूध आधी सुरू करा. आयजीजी म्हणजे ते अन्न पोटात गेल्याची खूण. ॲलर्जीवर थोडाथोडा दाणा देऊन उपचार करतात तेव्हा आयजीजी४ (आयजीजीचाच एक प्रकार) वाढतंच. युरोप, अमेरिका, कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असंच सांगतात. उलट, पचणारं अन्न उगाच तोडलं तर काही मुलांना त्याचीच ॲलर्जी जडते.

आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे पेशी सज्ज आहेत एवढंच. हरभरा आणि दाणा दोन्ही शेंगवर्गातले, प्रथिनं मिळतीजुळती. ती खाऊन ठणठणीत असेल तर बेसन चालू ठेवा, डॉक्टरांना मात्र सांगून ठेवा. शेंगदाणा पूर्ण बंद: कूट, चिक्की, दाण्याचं तेलसुद्धा. घाण्याच्या तेलात प्रथिन उरतं.

धाकट्याचं वेगळं. लंडनच्या २०१५च्या अभ्यासात तीव्र एक्झिमा (खाज सुटणारा त्वचेचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं होती. लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. त्याला एक्झिमा असेल तर आधी तपासणी. अख्खा दाणा मात्र नकोच, घशात अडकतो. आणि घरात थोरलीसाठी दाणा बंद, तेव्हा त्याला कुठे, कसा भरवायचा हे डॉक्टरांशी ठरवूनच.

धागाकर्ती

खूप आभार. धाकट्याच्या गालांवर एक्झिमा आहे, उद्याच वेळ घेते. आत्ता तिला दूधभात दिला. वाटी चाटूनपुसून संपवली.